निम्म्यावर आणलेलं पाणी

डॉक्टरांकडून परत आल्यावर सुनेने चप्पलसुद्धा काढली नाही. मुलीला खुर्चीत बसवून ती तडक स्वयंपाकघरात शिरली आणि सासऱ्यांच्या पुढ्यातला गॅस खाडकन बंद केला.

"बाबा, किती आटवता हे?"

"निम्मं. रोजच्यासारखं." नातीच्या पाण्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आधी चौपदरी फडक्यातून गाळायचं, मग पातेल्यात खळखळ उकळून निम्म्यावर आणायचं. सगळ्या इमारतीला त्यांनी ही रीत ऐकवून ऐकवून भंडावून सोडलं होतं.

"चिमणीच्या रक्तात शिसं निघालंय. म्हणून ती जेवत नाही, म्हणून पोट दुखतं. आणि आपण म्हणत होतो, लाडावलीये!"

"अगं, पण मी तर उकळून..."

"उकळून जंतू मरतात, बाबा! शिसं मरायला आधी जिवंत असावं लागतं. पाण्याची वाफ होते, शिसं मागेच राहतं. निम्म्या पाण्यात जवळजवळ दुप्पट झालं की ते! आणि फडक्याने गाळ अडतो, विरघळलेलं कसं अडेल? त्याला शिसं अडवणाराच फिल्टर लागतो. डॉक्टर बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमचं हे पातेलं नाचत होतं."

म्हाताऱ्यांनी पातेलं मोरीत ओतून दिलं. त्यांचा सगळा जन्म छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेला होता. जेवणाआधी कोपरापर्यंत हात घासायची सवय अजून सुटली नव्हती. स्वतःच्या बोटांवरून धुतलेलं ते विष त्यांनी नातीला चमच्याचमच्याने पाजलं होतं.

ते तसेच जिना उतरले. सून मागोमाग गेली. जिन्याखाली वर जाणारा पाण्याचा जुना पाइप होता, रंगाचे थरावर थर चढलेला. चप्पल घालताना ते रोज त्यालाच हात टेकत. खिशातलं नाणं काढून त्यांनी पाइप खरवडला. रंग उडाला आणि खाली मऊ, चंदेरी ओरखडा चकाकला.

"शिसंच," ते पुटपुटले.

सुनेचं लक्ष मात्र खाली होतं. इमारतीच्या मुख्य कॉकच्या वरून एक कोराकरकरीत प्लॅस्टिकचा पाइप फुटून सरळ तळमजल्यावरच्या घरमालकाच्या भिंतीत शिरला होता.

तेवढ्यात घरमालकच दार उघडून बाहेर आले. "काय खरवडताय आजोबा? रंगाचे पैसे कोण देणार?"

"तुमचा पाइप कधी बदललात?" सुनेने नव्या पाइपकडे बोट दाखवलं.

"झाले काही महिने. प्लंबर म्हणाला, जुना चांगला नाही."

"आणि आमचा?" सून कडाडली.

"अहो, सगळी इमारत बदलायची म्हणजे भिंती फोडायच्या! आणि तुम्हाला कसली चिंता? आजोबा उकळून देतात की. तेच तर सगळ्यांना सांगत फिरतात!"

म्हाताऱ्यांची कानशिलं तापली. आयुष्यात कुणाला अरे-तुरे न केलेला माणूस. त्यांनी मुख्य कॉक बंद केला, वर गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन खाली आले.

"अहो! हे काय करताय? वेड लागलंय का?"

"सूनबाई, पाइप धर."

तिने पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला. शिसं लोण्यासारखं कापलं गेलं. म्हाताऱ्यांनी खालच्या भागाचं कापलेलं तोंड वाकवून घरमालकाच्या उंबऱ्याकडे वळवलं.

"माझ्याही घरातलं पाणी बंद केलंत तुम्ही!"

"मग उघडा कॉक." म्हाताऱ्यांनी नजर वळवली नाही. "सगळं पाणी तुमच्याच घरात येईल. नाहीतर प्लंबरला बोलवा आणि इमारतीचा अख्खा पाइप बदला. तोवर आम्ही पाणी बाहेरून आणू. तुम्हीही आणा."

घरमालकांचा हात कॉकपर्यंत गेला. कापलेल्या तोंडातून एक थेंब त्यांच्या पायपुसण्यावर पडला. हात तिथेच थांबला.

"बघत काय बसलात?" सून म्हणाली. "फोन लावा."