वाकू नका
मंजूने टोपली अलगद खाली ठेवली आणि बाजूने येऊन सासूचे दोन्ही दंड धरले.

"आत्या, हलू नोका."

"काऊन वं?"

झाडावरचे वानर एकदाच खेकसले आणि सगळे रान गप्प झाले. मोहाची फुले वेचणाऱ्या जमुनाबाईला न सांगताच कळले. धानाची रोवणी करकरून तिची कंबर अशी मोडली होती, की चालतानाही तिला स्वतःची पावलेच दिसत.

गेल्या आठवड्यात वनरक्षकाने ग्रामपंचायतीसमोर बायांना बसवून समजावले होते. एकटीने जाऊ नका, वाकून राहू नका. वाकलेले माणूस वाघाला जनावर वाटते. दिसलाच तर उंच दिसा, पळू नका, पाठ फिरवू नका. पालथ्या घड्यावर पाणी. "वाकल्याबिगर मोह काय झाडावरच वेचाचा?" असे जमुनाबाईने भर सभेत विचारले, तेव्हा वनरक्षकही हसला होता. मंजू तेवढी कान देऊन ऐकत राहिली. "भेकड हाय आमची सून," असे म्हातारीने त्याच दिवशी शेजारच्या सुशिलाबाईला सांगून टाकले. आणि आज, आपल्या झाडाखालची फुले दुसरीने नेऊ नयेत म्हणून, ती उजाडताच एकटी निघाली. मंजू न बोलावता मागे आली होती.

"कोठी हाय?"

"तुमच्या मांगं, पळसापाशी. बसून हाय. पाहून राहिला."

जमुनाबाईने ताठ व्हायचा प्रयत्न केला. कंबरेने ऐकले नाही.

"मी नाही होत उभी. तू जाय, मंजू. साक्षी अजून अंगावर पिते."

मंजू तिच्या समोर आली, काखांत हात घातले आणि म्हातारीला उचलून छातीशी धरले, साक्षीला धरावे तसे. मग मान उंच करून ती मागे पाऊल टाकू लागली. एक पाऊल, मग थांबायचे, मग दुसरे. वाळली पाने पायाखाली वाजत होती.

"जातो बापा," ती मोठ्याने, सावकाश म्हणाली. "आमी चाललो. तू बस."

जमुनाबाईची पाठ वाघाकडे होती. समोर फक्त सुनेचा चेहरा, वीतभर अंतरावर. सात वर्षांत तिने तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तरी पापणी लवत नव्हती. एकदा ते डोळे हळूहळू डावीकडे सरकले आणि थांबले. वाघ उठला, चालला आणि पुन्हा उभा राहिला, हे जमुनाबाईला त्या डोळ्यांतच दिसले. मंजूचा आवाज मात्र तसाच होता. म्हातारीला भ्यायचे सुचलेच नाही, इतके तिला नवल वाटत होते.

गावाकडे जाणारी पांदण लागल्यावरच मंजूने तिला खाली ठेवले.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. अंगण भरले. मंजूचे हात इतके कापत होते, की तिला पाण्याचा गडू धरवेना.

"केवढा होता वं, जमुनाबाई?" सुशिलाबाईने विचारले. "पट्टेवालाच होता ना? कसा दिसे?"

जमुनाबाईने गडू हातात घेतला आणि सुनेच्या ओठांना लावला.

"वाघ मी कोठी पायला," ती म्हणाली. "मी तं इच्याकडंच पाहून राहिली होती."