डावरा देवदूत

...पत्रा कोरताना निघालेला तांब्याचा केसाएवढा कीस, गोल वळलेला, अजून नखात अडकून होता. देवदूताच्या हाताचा असेल, कोपरापासून वर गेलेल्या त्या हाताचा, नाहीतर पायाखालच्या लाटेचा. अपोलोनियाला सांगता आलं नसतं, पण तिने तो काढला नाही. बोचू दे.

सकाळी ठसा यंत्रातून निघाला तेव्हा किती सुरेख होता. ओला, काळाभोर. आगीच्या खांबांसारखे पाय, एक समुद्रावर, एक जमिनीवर, डोक्यावर इंद्रधनुष्य, यापुढे काळ उरणार नाही अशी आकाशाकडे हात करून शपथ घेणारा देवदूत. फादर उलरिखनी कागद खिडकीशी धरला, मान तिरकी केली.

“योब्स्ट, तुझा देवदूत डावरा दिसतोय.”

दोरीवर कागद वाळत घालणारा म्हातारा लिनहार्ट फिस्सकन हसला. योब्स्टही हसला — तिच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपासून कारखान्याचा मालक — आणि सहज, अगदी सहज म्हणाला, “वहिनींनी कोरलाय, फादर. बाईमाणूस. डावं-उजवं कळतंय कुठं.”

मला. डावं-उजवं. नवऱ्याचे डोळे गेल्यावर नऊ वर्षं तांब्याचे सगळे पत्रे मी कोरले, आरशातलं जग मी रोज पाहते, आणि मला...

“डाव्या हाताची शपथ चोराची,” फादर म्हणाले. “देवदूत मायकेलच्या सणाला हे चित्र देवळात वाटायचंय. हात बदला.”

ती गप्प राहिली. हेच आता जाळत होतं — योब्स्टचं बोलणं नव्हे, आपलं गप्प राहणं. कारण पाच आठवड्यांपूर्वी ती बोलली होती. याच बाकावर, वाळू भरलेल्या चामडी उशीवर कोरा पत्रा ठेवून: “भावजी, चित्रात उजवा हात वर आहे. असाच उतरवला तर कागदावर डावा उमटेल. उलटून घेऊ का?” आणि त्याने राईच्या पावाचा घास चघळत म्हटलं होतं, “चित्र मी काढलंय, वहिनी. तुम्ही रेघेवर रेघ मारा. डोकं चालवायला मी आहे.”

मारली. रेघेवर रेघ.

दुपारी तो तिच्यासमोर खरवडणी ठेवून गेला. “हात खरवडा, जागा घोटून सपाट करा, नवा हात कोरा. आणि फादरना जाऊन सांगा, ‘चूक माझी झाली’ म्हणून. मग हा खिडकीतला बाक तुमचाच.” दारात थांबून, “नाहीतर चूल आहेच की.”

पाण्याने भरलेल्या काचगोळ्यातून उजेड पत्र्यावर पडला होता. ती वाकली. तांब्यातला देवदूत उजवाच हात वर करून उभा होता. खोटा होता तो कागदावर, लोकांपुढे गेल्यावर. इथे, जिथे फक्त तिची नजर जाते, तिथे... तिची नजर खाली कोपऱ्यात घसरली. योब्स्टच्या नावाची दोन अक्षरं. उलटी. कागदावर सुलट यावीत म्हणून मुद्दाम वेगळ्या चिठोऱ्यावर उलटी काढून दिलेली — हे असंच कोरा हं, वहिनी.

म्हणजे ठाऊक होतं. नावापुरतं ठाऊक होतं.

सकाळपासूनचा कढ आता थंड आणि कडक झाला. पोलाद पाण्यात बुडवल्यावर होतं तसा.

“मालकीणबाई,” पडद्याआडून लिनहार्ट. जुनी सवय, त्याची जीभ अजून वळली नव्हती. “खरवडायला घेतलंत का? धाकटे मालक विचारतायत.”

तिने नखातला कीस हलकेच काढून पत्र्याच्या कडेला ठेवला. देवदूताचा हात, कोपऱ्यातली दोन अक्षरं — दोन्हींमध्ये जेमतेम वीतभर अंतर. तिने खरवडणी उचलली आणि आपला हात तसाच वर राहू दिला, उजवा. खरवडणी कुठे टेकवायची, हातावर की नावावर, ते अजून ठरायचं होतं, आणि घाई नव्हती.