नाही आणि लुमा

बाजारात त्यांना सगळे 'भोंगा' म्हणायचे, आणि त्यांना त्याचा अभिमानच होता. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. ओट्यावर उभं राहून त्यांनी "एक वार, दोन वार" सुरू केलं की फाटकाबाहेरच्या टेम्पोवाल्यांचेसुद्धा कान टवकारायचे. घरी ते आबा होते, पण आवाज तोच. जेवताना त्यांनी मीठ मागितलं, तर शेजारच्या घरात कोणीतरी मीठ आणायला उठेल असा.

एका सकाळी टोमॅटोचा ढीग पुढ्यात असताना त्यांच्या तोंडून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. लोकांना वाटलं, भोंगा गंमत करतोय. दोघंतिघं हसलेसुद्धा. मग त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि ओठ एका बाजूला ओघळला. वजनकाट्यावरचा पैलवान काटा तसाच सोडून धावला, म्हणून ते ओट्यावरून खाली पडले नाहीत. त्यानेच त्यांना भाजीच्या टेम्पोत घालून दवाखान्यात पोचवलं. "तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं," असं डॉक्टर नंतर म्हणाले, तेव्हा आबांच्या बायकोने, म्हणजे सूनबाईच्या सासूबाईंनी, बाहेर बाकावर बसलेल्या पैलवानाचे दोन्ही हात धरले.

आबा वाचले. पाय परत आला, हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र गेलं. एवढ्या बोलक्या माणसाच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला – 'नाही'.

"आबा, चहा घेणार?" सूनबाई विचारायची.

"नाही."

कप परत न्यायला लागली, की ते डाव्या हाताने कप ओढून घ्यायचे आणि तिच्याकडे रागाने बघायचे. "नाही! नाही!" म्हणजे हवाय गं, हवाय! पंखा लावू का, नाही. बंद करू का, नाही. कोणत्या 'नाही'चा अर्थ काय, हे ओळखता ओळखता दोघी बायकांच्या नाकी नऊ आले. सूनबाईचा नवरा मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरच. तो आला की आबांसमोर बसून राहायचा आणि दोघं मिळून गप्प असायचे. ते बघून सूनबाईला स्वयंपाकघरात निघून जावंसं वाटे.

बोलायला शिकवणाऱ्या बाई दवाखान्यात आठवड्यातून एकदाच यायच्या. बाई मोठ्या जीव लावून शिकवायच्या, पण पुढे रांग असायची. एकदा त्या सूनबाईला म्हणाल्या, "हे रोज करायला हवं. थोडं थोडं, पण रोज. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना?"

कॉम्प्युटर होता. सूनबाई घरीच बसून एका छापखान्यासाठी बाटल्यांवरची आणि खोक्यांवरची लेबलं तयार करायची. तोच तिचा रोजगार.

"मग मी एक प्रोग्राम देते," बाई म्हणाल्या. "चित्र दिसतं, आवाज शब्द सांगतो, पेशंट तो म्हणून बघतो. घरी वापरायला द्यायची कंपनीची परवानगी आहे. फक्त एक अडचण आहे. आपल्या भाषेत तो निघालेलाच नाही. माझ्याकडे आहे तो एका लांबच्या देशाचा आहे. तिथली भाषा मलाही येत नाही."

"चित्रं तर दिसतात ना?" सूनबाई म्हणाली. "मग बघते मी."

घरी येऊन तिने तो प्रोग्राम टाकला आणि कपाळाला हात लावला. बटणांवर काय लिहिलंय, एक अक्षर कळेल तर शपथ. पण लेबलं करून करून तिची नजर तयार झाली होती. अक्षर नाही कळलं तरी कोणतं बटण पुढे नेतं आणि कोणतं घात करतं, हे तिला रंगावरून, जागेवरून उमगत गेलं. सगळं जमलं, तरी प्रोग्राम सुरू होईना. शेवटी कळलं, त्याची अट अशी होती की कॉम्प्युटरने आपण त्याच देशात आहोत असं मानायला हवं. तिने सेटिंगमध्ये जाऊन देश बदलला.

आणि घरातला कॉम्प्युटर परदेशी गेला. तारीख उलटी झाली, घड्याळ तिकडची वेळ दाखवू लागलं, कोपऱ्यात तिकडचं हवामान यायला लागलं. सासूबाईंना त्याचा भारी नाद लागला. सकाळी उठल्या की आधी तिथे डोकावायच्या. "अगं बाई, आजही बर्फच गं! कशी राहत असतील बिचारी."

दोन दिवसांनी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "ताई, हे लेबल बाटलीला लावायचंय, की बाटली लेबलात गुंडाळून ठेवायचीय?"

सूनबाईने लेबलाची रुंदी साडेसात सेंटिमीटर लिहिली होती, साताच्या पुढे टिंब देऊन. पण त्या देशात टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतात. कॉम्प्युटरने टिंब गिळलं आणि साडेसाताचे पंच्याहत्तर केले. सूनबाई ओशाळली. काय झालं, ते तिने खरं खरं सांगितलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आबांसाठी ना? मग राहू दे तो तिकडेच. मापं मला फोनवर सांगा, मी इथे घालून घेतो." तेव्हापासून ते खरंच तसं करत राहिले, आणि कधी कुरकुर केली नाही.

रोज दुपारी आबा कॉम्प्युटरसमोर बसायला लागले. पडद्यावर चित्र यायचं, एका बाईचा शांत, समजूतदार आवाज तिकडच्या भाषेत शब्द म्हणायचा. सूनबाई तो आवाज बारीक करून आपल्या भाषेत म्हणायची, "कोबी. आबा, म्हणा, को-बी."

आबा चित्राकडे बघायचे आणि त्यांचं तोंड कडू व्हायचं. सगळी हयात भाजीत गेलेला माणूस. समोरचा कोबी शिळा, पानं पिवळी! "नाही!" ते पडद्याला ठणकावून सांगायचे. पुढच्या चित्रात मुळा आणि कांदा यांचं लग्न लावल्यासारखी कसली तरी भाजी होती. ती बघून तर त्यांनी खुर्चीच मागे सरकवली.

पण त्या प्रोग्रामची एक गंमत होती. माणसाने काहीही आवाज केला, चूक केला, बरोबर केला, तरी ती बाई शेवटी एक शब्द म्हणायचीच, 'लुमा'. म्हणजे तिकडचं शाबास. तो शब्द ती अशा काही आपुलकीने म्हणायची की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं, आपण काहीतरी मोठं काम केलं. सूनबाई बाकीचा आवाज बारीक करायची, पण लुमाच्या वेळी मोठा करायची. दिवसभरात आबांचं कौतुक करणारं तेवढं एकच माणूस होतं, मग ते का बंद करायचं?

असे कितीतरी दिवस गेले. 'नाही'पुढे गाडी सरकेना. सूनबाईला मनातून वाटायला लागलं, आपण आबांना उगीच छळतोय.

मग एका दुपारी सासूबाईंनी चहा आणला. आलं घालून, आबांना आवडतो तसा. आबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लुमा."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "काय म्हणाले गं?"

"आबा, परत म्हणा," सूनबाई म्हणाली.

आबांना स्वतःलाच नवल वाटलं होतं. त्यांनी ओठ जुळवून बघितले. "लु... मा." मग कपाकडे बोट करून जोरात, "लुमा!"

सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. "इतकी वर्षं माझ्या चहाला चांगलं म्हणाले नाहीत. म्हणाले तर परक्या भाषेत!"

त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. 'नाही' होतं, आता 'लुमा' आलं. नकार होता, होकार मिळाला. दोन शब्दांवर केवढा संसार चालतो, ते त्या घराने बघितलं. पंखा लावू? लुमा. हा सदरा? नाही. तो निळा? लुमा. रात्रीची उशी उंच होते का, लेकाची आठवण येते का, बाजारात जावंसं वाटतं का, असं सगळं आता विचारता येत होतं आणि उत्तर मिळत होतं. बाजाराचं विचारलं तेव्हा आबांनी 'लुमा' म्हटलं नाही, नुसती हळूच होकाराची मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सूनबाईने ते लक्षात ठेवलं.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना केवढा आनंद झाला! "दार उघडलंय. आता आत जायचं. पण त्यांच्या ओळखीच्या वस्तू हव्यात, ओळखीचे आवाज हवेत. प्रोग्राममध्ये ते घालता येतात की नाही, मला माहीत नाही."

सूनबाईने कंपनीच्या मदतकक्षाला ईमेल लिहिलं, त्यात आबांच्या 'लुमा'ची गोष्टही सांगितली. आपल्या भाषेत लिहून कॉम्प्युटरकडूनच तिकडच्या भाषेत करून घेतलं. काय झालं असेल ते देव जाणे, कारण उत्तर परत आपल्या भाषेत केलं तेव्हा त्यात पहिलंच वाक्य होतं, 'तुमच्या सासऱ्याच्या तोंडाला आमचा नम्र नमस्कार.' सासूबाई हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

पण पुढचं सगळं सरळ होतं. कोणा एका बाईने लिहिलं होतं की शिक्षकांसाठी एक वेगळा भाग आहे, तिथून आपली चित्रं, आपला आवाज घालता येतो. सूनबाईला भाषा वाचता येत नाही हे ओळखून तिने एकेका पायरीचं चित्र पाठवलं होतं. कुठे दाबायचं तिथे लाल गोल, कुठे चुकूनही दाबायचं नाही तिथे हाताने काढलेला रडका चेहरा. शेवटी लिहिलं होतं, 'तो शाबास म्हणणारा आवाज माझाच. कंपनी लहान होती, बाहेरचं कोणी परवडत नव्हतं. तो कोणाच्या तोंडातला पहिला शब्द होईल, असं कधी मनातही आलं नव्हतं. आज मी घरी गेल्यावर आईला सांगणार आहे.'

सूनबाईने ते दोनदा वाचलं. कुठली कोण ती बाई, पण तिने पाठवलेल्या एकेका लाल गोलात किती वेळ गेला असेल, हे लेबलं करणाऱ्या बाईला बरोबर कळत होतं.

मग सूनबाईने पैलवानाला भाजी घेऊन यायचा निरोप दिला. तो दुसऱ्याच दिवशी दोन क्रेट भाजी घेऊन हजर झाला. नवराही नेमका घरी होता. टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि फोटो काढायला सुरुवात झाली. आबा शेजारी खुर्ची टाकून बसले. पैलवान एकेक भाजी पुढे करायचा.

"हे वांगं?"

आबांनी देठ बघितला. "नाही."

"बरं, हे?"

"लुमा."

"अरे, हा तर प्रतवारी करतोय!" पैलवान नवऱ्याला म्हणाला. "बाजारात यायचं सोडून घरीच दुकान मांडलंय बघ."

फोटो झाले, आवाज भरायचा होता. सूनबाई म्हणाली, "पैलवानदादा, तुम्ही म्हणा. बाजारात म्हणतात ना, तसंच म्हणा. आबांचा कान त्याच आवाजाला सरावलाय."

पैलवान लाजला. त्याने आयुष्यभर वजनं केली होती, पुकारा कधी केला नव्हता. घसा साफ करून तो उभा राहिला आणि काकडी हातात धरून आबांच्याच चालीत सुरू झाला, "काकडीऽ काकडीऽ, हिरवीगार काकडी! बोला, काकडीला एक वार..."

चाल थोडी चुकली. आबांच्या कपाळावर आठी पडली. हात वर झाला, डावा. आणि त्यांच्या छातीतून तो जुना आवाज, फाटलेला, घोगरा, पण तोच, बाहेर पडला, "दोन वार! तीन वार!"

पैलवानाच्या हातातली काकडी तशीच. नवरा भिंतीला टेकला आणि त्याने तोंड फिरवलं.

"चाल... चाल..." आबा शब्द शोधत होते. शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी पैलवानाच्या दंडावर थाप मारली आणि चाल धरली, "काऽकडीऽ."

पैलवान रडत रडत म्हणाला, "काऽकडीऽ."

"लुमा," आबा म्हणाले.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी नंतर समजावलं की नुसता शब्द हरवला तरी चालीतला शब्द पुष्कळदा जागा असतो. मग सगळा धडाच चालीत झाला. चालीवर कांदा आला, बटाटा आला, मग सासूबाईंना हाक मारायचं 'अगं' आलं, लेकाचं घरातलं लाडकं नाव आलं. पाणी, पंखा, उजेड. काही शब्द आज यायचे आणि उद्या पळायचे. आबा पहिल्यासारखे झाले नाहीत, होणारही नाहीत, हे बाईंनी लपवलं नाही. पण वाक्याची दोन टोकं सापडली की मधलं घरचे जुळवून घेत.

काही महिन्यांनी पैलवान त्यांना बाजारात घेऊन गेला. ओट्यावर आता दुसरा माणूस पुकारत होता. तो आबांना बघून खाली उतरला, पाया पडला आणि म्हणाला, "आबा, एक ढीग तुम्ही पुकारा." आबांनी नकाराची मान हलवली. ते खाली क्रेटवर बसले, आणि येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. घरी परतल्यावर ते सूनबाईला म्हणाले, "बरं... वाटलं." दोन शब्द, पण मधे कोणी भर घालायची गरज पडली नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "ती... बाई. सांग."

"काय सांगू, आबा?"

"मी." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी."

सूनबाईने आवाज भरायचं बटण दाबलं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. आबांनी बराच वेळ घेतला. सुरुवात अडखळली, पुन्हा केली. मग हळूहळू, एकेक शब्द ओट्यावर मांडावा तसा मांडत ते म्हणाले, "बाई... तुम्ही... भेटला... नाहीत. पण... घरातल्या... आहात."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिने लिहिलं होतं की ऑफिसातल्या सगळ्यांना तिने तो आवाज ऐकवला. कोणालाच एक अक्षर कळलं नाही, तरी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. आता अर्थ कळवा, म्हणजे भिंतीवर लिहून लावतो.

सूनबाई अर्थ लिहायला बसली. कॉम्प्युटर त्याचं काय करील, या भीतीने तिने वाक्य अगदी सोपं ठेवलं, आणि पाठवण्याआधी आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "लुमा."