टक वाजणारा बाक

मी एक बाक बोलतोय. गुडघ्याएवढा उंच, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा. सध्या माझा मुक्काम मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आहे. ठिबकणाऱ्या पाण्यानं माझी फळी फुगली आहे. पण माझी जागा ही नव्हे. चोवीस वर्षं मी या घराच्या दाराशी होतो.

मला घडवलं ते घरातल्या म्हाताऱ्या सुतारानं. तेव्हा तो म्हातारा नव्हता. लोकांची कपाटं त्यानं अगदी सुतात केली आणि घरच्या बाकाचं माप घेताना मात्र बायकोशी गप्पा मारत बसला. माझा एक पाय बोटभर तोकडा कापला गेला. सुताराच्याच घरी लंगडा बाक म्हणून बायको हसून हसून बेजार झाली. "उद्या नीट करतो," तो म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही.

त्यामुळे त्या टोकाला कोणी बसलं की मी टक वाजायचो. बाहेरून येणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर टेकून पायातलं काढायचा. मुलगा धपकन बसायचा. सून अलगद टेकायची. नात तर उडीच मारायची, मग माझे दोनदा टक.

पुढे सुताराची बायको गेली, नंतर त्याची नजरही गेली. दिवसभर तो माझ्या दुसऱ्या टोकाला बसू लागला. टक झालं की आवाजावरून माणूस ओळखायचा. "आलीस का सूनबाई? आज दमलेली दिसतेस." दिसत तर काही नव्हतं त्याला. पण सून सँडल काढता काढता ऑफिसातलं सगळं त्याला भडाभडा सांगून टाकायची.

गेल्या वर्षी घरात कुरबुरी फार वाढल्या. मुलाची नोकरी डळमळत होती, नवरा-बायको समोरासमोर बसूनही बोलेनात. सुनेनं आपल्या परीनं मार्ग काढला. घर सजवून देणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी मला पाहून नाक मुरडलं. "प्रवेश मोकळा हवा. असं डुगडुगणारं, मोडकं सामान दारात असलं की पॉझिटिव्ह एनर्जी आत येत नाही."

"मोडका नाहीये तो," सुतार म्हणाला. "पाय तोकडा आहे. आजच तुकडा ठोकून देतो. पण दाराशीच राहू दे."

"बाबा, तुम्हाला आत मऊ खुर्ची आणते ना," सून म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

दार खरंच देखणं झालं. पिवळा दिवा, दोन कुंड्या, 'सुस्वागतम्' लिहिलेलं पायपुसणं. पाहुणे तोंड भरून कौतुक करायचे. सुतार आतल्या खोलीत खुर्चीवर बसायचा आणि दार वाजलं की विचारायचा, "कोण आलं?" सुरुवातीला कोणी ना कोणी उत्तर दिलं. मग कानात इअरफोन घालून सगळे परस्पर आपापल्या खोलीत जाऊ लागले. त्याची हाक मला गॅलरीपर्यंत ऐकू यायची. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की सूनबाई आली आहे. मी नुसता कुढत राहिलो.

एके दुपारी तो झोपेतच गेला. संध्याकाळी सून आली, सँडल काढून थेट स्वयंपाकघरात गेली. आज 'कोण आलं' असं कोणी विचारलं नाही, हे तिच्या लक्षात यायला चहा व्हावा लागला.

काल मुलगा टेप घेऊन आला. माझा पाय सारखा करून मला पुन्हा दाराशी ठेवायचं म्हणतो. ठेवा बाबांनो, कुठेही ठेवा. तेवढा पायाला हात लावू नका, एवढंच माझं मागणं आहे.

आज सून ऑफिसातून आली ती सरळ गॅलरीत. ओले कपडे बाजूला सारून आपल्या नेहमीच्या टोकाला बसली. सुताराची जागा तिनं मोकळी सोडली. मी टक वाजलो.

ती दचकली. मग वाकून सँडलचा पट्टा सोडवत हळूच म्हणाली, "मीच आहे, बाबा."