उशिरा पडलेला खडू

सन १९८६ च्या मे महिन्यात सुकदेव बिऱ्हाडे शिंदखेड्याला आला, तो शिव्या खायची तयारी ठेवूनच. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत लीलाधर भारंब्यांचा पीव्हीसी पाइपांचा कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत सुकदेव केमिस्ट होता. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक तराजू, एक भट्टी आणि पाइप दाबून फोडायचं एक यंत्र. एरवी तक्रारी बघायला विक्रीचा माणूस जायचा, पण या खेपेला लीलाधरभाऊ म्हणाले होते, "सुकदेव, तू जा. पाइप का फुटतात ते मला विक्रीवाला सांगू शकत नाही."

तक्रार करणाऱ्या रुक्माबाईचं वावर गावापासून कोसभर लांब, माळाला लागून. जमिनीखाली सगळा खडक, म्हणून चारी खोदता आली नव्हती. विहिरीपासून मिरचीच्या वाफ्यांपर्यंत पाइप उघड्यावरच टाकला होता. दोन उन्हाळे त्याने कसेबसे काढले आणि आता जागोजाग तडकला होता. रुक्माबाईने एक तुकडा उचलून गुडघ्यावर दाबला. कट्कन मोडला.

"देख भाऊ, तूच देख. हाऊ पाइप शे का पापड?"

सुकदेवने तुकडा हातात घेतला. खानदेशच्या उन्हात पाइप पांढुरका पडतो, ठिसूळ होतो, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्याच कारखान्यांचे होत होते. तो पाइपामागून पाइप तपासत विहिरीकडे निघाला. बोटाने घासला की पांढरी भुकटी हाताला लागायची. असे सात-आठ पाइप झाले आणि मग एक असा आला की बोटाला काहीच लागलं नाही. दाबून बघितला तर वाकला, पण मोडला नाही.

"याले काही व्हयनं नही," रुक्माबाई मागून म्हणाली. "असा सहा शेतस. बाकीना बठ्ठा फुटी ग्यात."

एकाच गोदामातून, एकाच ट्रकमधून आलेले वीस पाइप. त्यातले सहा शाबूत. सुकदेव उन्हात उकिडवा बसला आणि प्रत्येक पाइपावरचा शिक्का उतरवून घेऊ लागला. तारखा वेगवेगळ्या होत्या, पण त्या सहाही पाइपांवर दुसऱ्या पाळीची खूण होती.

जळगावला आल्यावर त्याने हजेरीपुस्तक काढलं. त्या सहाही दिवशी दुसऱ्या पाळीला मिक्सरवर एकच माणूस होता, तोताराम कुवर.

तोताराम साक्रीकडच्या एका डोंगरी गावातला. अकरा वर्षांपूर्वी कामाला लागला, तो मिक्सरवरच. मिक्सर म्हणजे माणूसभर उंचीचं, तळाशी पाती फिरणारं भांडं. त्यात रेझिन म्हणजे कच्च्या प्लास्टिकची पांढरी पूड, उन्हातान्हापासून जपणारं औषध, मेण आणि खडूची पूड असं सगळं एकदम टाकायचं. पाती फिरता फिरता माल तापतो, मग तो काढून पाइपाच्या मशीनला द्यायचा. सगळं एकदम टाकायचं हा नियम भिंतीवर रंगाने लिहिलेला होता, आणि नियम मोडणाऱ्याचा माल फेकून त्याला घरी बसवायची पद्धत होती.

सुकदेवने विचारलं तेव्हा तोतारामने आधी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मनी चूक व्हयनी, साहेब."

"चूक कसली? मला फक्त सांगा, त्या सहा दिवशी काय केलं?"

तोतारामने हात अंगरख्याला पुसले. एकदा खडूचं पोतं ओलं निघालं. दुसरं आणेपर्यंत मिक्सर सुरू होऊन गेला होता, माल चांगलाच तापला होता. फेकायला जीव होईना. "मी खडू मांगथून टाका. कोणले सांगं नही." तो माल मशीनला गेला तेव्हा मशीनचा आवाज बदलला. एरवी ते कण्हायचं, त्या दिवशी गुणगुणलं. म्हणून मग फोरमन जेवायला गेला की तोताराम अधूनमधून मुद्दाम तसंच करू लागला.

"पण खडू नंतर टाकल्याने मशीन हलकं का चालतं?"

तोतारामने थोडा विचार केला. "पंगतमा पहिले बसेल पाव्हना बठ्ठं तूप खाई जास, साहेब. मांगेवाला कोरडाच ऱ्हातस."

सुकदेव प्रयोगशाळेत गेला आणि दार लावून बसला. तो पाव्हणा म्हणजे खडू. खडूची पूड आधी पडली की औषध नि मेण तीच पिऊन टाकते, आणि ज्याला उन्हापासून वाचवायचं ते रेझिन कोरडं राहतं. रेझिनला आधी पिऊ द्यायचं, मग खडू. एवढंच! पण किती तापल्यावर? लवकर पडला तर उपयोग नाही, उशीर झाला तर रेझिन करपतं. पुढचे सात महिने सुकदेवने त्यातच घातले. थर्मामीटर लावून एकेका अंशाने पुढे जात त्याने त्रेसष्ट वेळा माल केला, गच्चीवर पाइपाचे तुकडे वाळत घातले, दर आठवड्याला मोडून पाहिले. नेमकी वेळ सापडली. ती साधली की औषध पाऊणच लागतं, हेही सापडलं.

लीलाधरभाऊंनी कागद वाचले आणि खुर्चीतून उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. "याचं पेटंट घ्यायचं. जळगावचं पेटंट!"

मुंबईचे वकील म्हणाले, रासायनिक पदार्थाचं पेटंट आपल्या कायद्यात मिळत नाही, पद्धतीचं मिळतं. ही पद्धतच आहे, तेव्हा अडचण नाही. मालकी कंपनीची राहील. फक्त खरा आणि पहिला संशोधक कोण, त्याचं नाव लिहा.

"लिहा, सुकदेव बिऱ्हाडे," लीलाधरभाऊ लगेच म्हणाले.

सुकदेवच्या जिभेवर दुसरं एक नाव आलं होतं. आलं आणि तिथेच थांबलं. मिक्सरवर खडू टाकणं वेगळं, संशोधन वेगळं, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्रेसष्ट वेळा माल कोणी केला? त्याने सही केली.

ही गोष्ट नशिराबादला, त्याच्या गावी, वाऱ्यासारखी पोचली. पुढच्या एप्रिलात जयंतीला विहारात त्याचा सत्कार झाला. त्याचा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला. तो पहिल्या रांगेत, नवीन टोपी घालून बसला होता. भाषण करणारे गुरुजी म्हणाले, "आपल्या सुकदेवने एकट्याच्या बुद्धीवर हा शोध लावला!" टाळ्या पडल्या. 'एकट्याच्या' हा शब्द सुकदेवच्या कानात खड्यासारखा अडकला, पण हार गळ्यात होता आणि बाप समोर होता. त्याने हात जोडले.

सरकारी काम सरकारी गतीने चाललं. तीन वर्षांनी अर्ज मान्य होऊन राजपत्रात छापला गेला आणि चौथ्या महिन्यात, मुदत संपता संपता, गुजरातेतल्या एका पाइप कंपनीने हरकत घेतली. त्यांचं म्हणणं एकच, यात नवीन काही नाही. खडू मागून टाकण्याची रीत मिक्सरवरच्या साध्या कामगारांनाही पूर्वीपासून माहीत आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात तोताराम प्रयोगशाळेच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच उभा राहिला.

"एक माणूस घर उना व्हता, साहेब. कागद लईसन. म्हणे, सही कर. मी हाई काम आधीपासून करी ऱ्हायनू, असं लिखेल शे."

"केली सही?"

"नही. तुमले इचारानं व्हतं." तोताराम खाली बघत म्हणाला, "पन साहेब, मी खोटं कसं सांगू? खडू मीच टाका व्हता."

सुकदेवने त्याला पाणी दिलं. दोन दिवसांनी बोलू म्हणाला. लीलाधरभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "त्याला महिनाभर गावी पाठव. पगारी रजा दे. सुनावणी उरकली की बोलाव. तो काही बोलला नाही तर कोणाला काय कळणार आहे?"

सुकदेव घरी गेला. त्याची बायको सुनंदाबाई शाळेत शिक्षिका होती. ओट्यावर बसून पेपर तपासत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, शिंदखेड्यापासून. पंगतीतल्या पाव्हण्याची गोष्टही सांगितली. ती तोतारामची आहे हे या चार वर्षांत त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, आपलीच म्हणून दोन-तीन ठिकाणी वापरली मात्र होती.

सुनंदाबाईने पेनचं टोपण लावलं. "म्हणजे उत्तर त्यांनी काढलं आणि रीत तुम्ही लिहिलीत."

"तसंच."

"मुलांना आम्ही दोन्हीचे गुण देतो."

"पण नशिराबादला सत्कार झालाय माझा. आबा अजून लोकांना सांगत फिरतात."

"सत्कार परत द्यावा लागत नाही. नाव मात्र वाढवता येतं. आणि आबांना तुम्ही सांगा, मी नाही सांगणार."

सुकदेव दुसऱ्या दिवशी सकाळी आधी नशिराबादला गेला. बाप बाजेवर बसून बिडी ओढत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने बिडी विझवली. मग विचारलं, "त्या माणसाला लिहिता येतं?"

"सही करता येते."

"मग त्याची सही घे आधी," बाप म्हणाला. "अंगठेवाल्याचं नाव कसं गळतं ते मला माहीत आहे."

लीलाधरभाऊंशी बोलणं सोपं गेलं नाही. ते चिडले, अर्ज बुडेल म्हणाले, चार दिवस बोलले नाहीत. शेवटी सुकदेव म्हणाला, "भाऊ, त्यांना गावी पाठवलंत, तर माझं नावही अर्जातून काढा. मला खोटं सांगता येणार नाही." लीलाधरभाऊंनी मुंबईला फोन लावला. अर्जात दुरुस्ती करता येते, असं वकिलांनी सांगितलं. दुसऱ्या संशोधकाचं नाव घालता येतं, त्याची संमती हवी. तोतारामला बोलावून सुकदेवने कागद वाचून दाखवला, एकेक ओळ मराठीत सांगून.

"माले नाव कसाले जोयजे?" तोताराम म्हणाला.

"तुम्हाला नसेल पाहिजे. पण ते खरं आहे."

तोतारामने खाली वाकून, जीभ दातात धरून सही केली.

सुनावणीला दोघे मुंबईला गेले. पेटंट कार्यालयातले अधिकारी वयस्क होते, चष्म्यावरून बघणारे. समोरच्या कंपनीचे वकील तोताराम दिसताच खूश झाले. त्यांना हवा होता तो साक्षीदार पलीकडच्या बाजूनेच आणला होता.

"शिक्षण किती?"

"सातवी नापास."

"माल किती तापला हे तुम्हाला कसं समजायचं?"

"आवाजवरथीन."

"म्हणजे साहेब, सातवी नापास कामगार हे नुसत्या आवाजावर करत होता," वकील अधिकाऱ्यांकडे वळले. "यात शोध कसला? ही धंद्यातली जुनी, सगळ्यांना माहीत असलेली रीत आहे."

अधिकाऱ्यांनी तोतारामला विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनीच नही."

"इतर कामगार असं करायचे?"

"नही साहेब. भिंतवर उलटं लिखेल व्हतं. कोनी देखतं तं काम गयं असतं मनं." मग त्याला जणू राहवलं नाही. "बठ्ठासले माहीत व्हतं तं मी लपाडतू कसाले?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि ते वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने टिपून घेतलं. मग ते सुकदेवकडे वळले.

"आधीच्या अर्जात फक्त तुमचं नाव होतं. का?"

याचं उत्तर आपल्या बाजूच्या वकिलांनी पढवून ठेवलं होतं, अनवधान, कार्यालयीन चूक वगैरे. सुकदेवला ते सगळं आठवत होतं.

"मला एकट्याला नाव हवं होतं," तो म्हणाला. "आधी यांनी केलं. ते का होतं आणि नेमकं कधी करायचं, ते मी शोधलं. त्यांच्याशिवाय मी त्या वाटेला गेलोच नसतो."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं की लाज वाटेल. वाटली नाही. उलट बऱ्याच दिवसांनी पोटभर श्वास आत गेला.

हरकत फेटाळली गेली. १९९१ च्या पावसाळ्यात मोहोर उमटवलेलं पेटंट आलं, त्यावर दोन नावं होती, तोताराम कुवर आणि सुकदेव बिऱ्हाडे. नावं त्या क्रमाने लावायला सुकदेवनेच सांगितलं होतं. लीलाधरभाऊंनी त्याची चौकट करून कार्यालयात लावली. पाहुणा आला की, "आमच्या मिक्सरवाल्याने गुजरातवाल्यांचा वकील गप्प केला," ही गोष्ट ते अशी रंगवून सांगत, की पगारी रजेची सूचना कोणाची होती हे त्यांना स्वतःलाही आठवेनासं झालं.

पुढच्या वर्षी कंपनीने धुळ्याला दुसरा कारखाना काढला. मिक्सरखात्याचा फोरमन म्हणून तोतारामला तिकडे पाठवलं. तिथून साक्री जवळ, त्यामुळे तोही खूश होता. उद्घाटनाला सुकदेव गेला होता. नवीन मिक्सर परदेशी बनावटीचा, अंश दाखवणारे लाल आकडे असलेला. पहिला माल पडला, पाती फिरू लागली, सहा नवे कामगार खडूची पोती धरून आकड्यांकडे डोळे लावून उभे राहिले. तोतारामने हात वर करून त्यांना थांबवलं आणि कान भांड्याला लावला.

"आकडा खोटा दाखवी ऱ्हायना," तो म्हणाला.

मिक्सर बसवायला आलेला तंत्रज्ञ हसला. सुकदेवने खिशातला थर्मामीटर काढून मालात घातला. आठ अंशांचा फरक निघाला. तंत्रज्ञ ओशाळून पेचकस शोधायला गेला.

"चला तोतारामभाऊ," सुकदेव म्हणाला, "तोवर चहा घेऊ."

"तुम्ही व्हा पुढे, साहेब," तोताराम म्हणाला. तो त्या सहा जणांना एकेक करून भांड्याजवळ बोलावत होता, कान लावायला.