मी खुशीच्या फक्त जिभेवर उजेड टाकला

मी मारेगाव तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राची जुनी टॉर्च आहे. बोटाएवढी. कुठल्याशा कारखान्यात माझ्यासारख्या हजारो बनल्या, त्यातली मी नंदा सिस्टरच्या खिशात आले. सात वर्षं झाली. झाकण फुटलं, त्याला औषधाची पट्टी गुंडाळली आहे. शाळेतल्या पोरांचे दात, म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू, सगळं मी पाहिलं. "सिस्टरच्या टॉर्चपासून काही लपत नाही," असं गाव म्हणे आणि मी फुगून जाई.

खोटं होतं ते, मित्रांनो.

एका मंगळवारी बावीस वर्षांची खुशी आली. मानेला ओढणी घट्ट गुंडाळलेली. सोबत नवरा, ऋतिक. बोलला तोच.

"सिस्टर, हिचा आवाजच बसला. बोलता येऊन नाही राह्यलं."

"काहून गं, नवऱ्याशी लय भांडली का?" सिस्टरनं थट्टा केली.

ऋतिक हसला. खुशी नाही.

मी तिच्या जिभेवर पडले, घशात पडले. सिस्टरनं लिहिलं, 'घसा बसला'. गोळ्या दिल्या, मिठाच्या गुळण्या सांगितल्या. ओढणी सोडायला कोणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षण होतं. बहुतेक जणी जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत बसलेल्या. डॉक्टर बबिता राठोड म्हणाल्या, "गळा दाबला की दर वेळी वळ दिसतोच असं नाही. आवाज बसतो. थुंकी गिळताना दुखतं. डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात. चालत आलेली बाई दोन दिवसांनीही मरू शकते."

सिस्टर उभी राहिली. 

"म्याडम, मी काल एकीले गुळण्या करायले लावल्या."

ती न जेवताच परत निघाली. गावातल्या आशा कार्यकर्तीला, राखीला, फोन केला, "खुशीले घेऊन ये. आत्ताच." तासाभरात सगळे उपकेंद्रात. ऋतिकही.

"पुरुषांनी बाहेर बसाचं," सिस्टर म्हणाली.

"मी नवरा हाओ तिचा!"

"म्हणूनच बाहेर."

दार लागलं. सिस्टर खाली बसली, खुशीच्या डोळ्यांच्या रेषेत. "बाई, तुह्या गळ्याले कोणी हात लावला का?"

खुशीनं तीन बोटं वर केली.

"तीनदा?"

मान होकारानं हलली. सिस्टरनं तिची पापणी खाली ओढली आणि मला पेटवलं. लाल ठिपके. काल मी त्यांच्यापासून चार बोटांवर होते!

रुग्णवाहिका यवतमाळला गेली. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली होती. खुशी वाचली, आज माहेरी आहे. ऋतिकवर गुन्हा दाखल झाला.

पुढच्या, जिल्ह्याच्या प्रशिक्षणात सिस्टरनं स्वतःची चूक उभं राहून सांगितली. सगळ्या खाली पाहत होत्या. नेरकडची एक सिस्टर हळूच म्हणाली, "माह्याकडं आलती अशीच एक. गोळ्या देल्या मी."

"कुठं हाये आता ती?"

"चौथ्या दिवशी गेली. घरचे म्हणे, झोपेतच."



मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, खुशाल घासून घासून संपवा. पण आवाज बसलेली बाई दारात आली, तर आधी तिच्यासोबतच्याला बाहेर काढा. मग तिलाच विचारा. उत्तर येईपर्यंत मला विझवू नका.