एफ-एटच्या खालचा दाणा

हे कुणाला सांगायचं नाही, असं उमाआजींनी चारुताला बजावलंय. पण तेव्हा मी तिथंच होते. मी एक कळ बोलतेय. कीबोर्डच्या अगदी वरच्या ओळीतली एफ-एट.

शहागंजातल्या एका दुकानातून सदाशिवआजोबांनी आम्हाला पुंडलिकनगरात आणलं. खालच्या अक्षरांना दिवसभर काम. माझ्याकडे कुणी फिरकत नाही. कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला, की मात्र पहिली हाक मला. सुरू होताना मला दाबत राहिलं की सेफ मोड मिळतो. म्हणजे सगळा पसारा बाजूला ठेवून, गरजेपुरतं घेऊन उठायचं. एरवी रिकामीच असते, म्हणून मी बोटं ओळखायला शिकले. संशय घ्यायलाही.

दोन हजार तेराचा उन्हाळा. घरं वाढत होती आणि नळ आटले होते. गल्लीतल्या टँकरच्या पाळ्या आजोबा कॉम्प्युटरवर लिहीत, वहीत खाडाखोड होते म्हणून. यादी आत गेली आणि लोकांची नजर बदलली. चहाला आलेला माणूसही पडद्याकडे तिरकं बघायचा.

एका सकाळी टँकर दारात, आणि कॉम्प्युटर अर्ध्यातच अडकला.

"आज रामकिसनची पाळी आहे. तुमची उद्या," आजोबा म्हणाले.

"तोंडी नका सांगू काका," शेजारच्या कडूबाई म्हणाल्या. "आजच बरं बंद पडलं तुमचं यंत्र!"

टँकरवाला कारभारी बाहेरून ओरडला, "लवकर सांगा, नाय तर मी चाललो दुसऱ्या गल्लीत!"

चारुता, आजोबांची नववीतली नात, मला दाबत सुटली. मी खाली जातच नव्हते. अंगाखाली काहीतरी टोचत होतं.

"कळ बी बिघडवून ठेवली व्हय?" कडूबाई म्हणाल्या. आजोबांचे कान लाल झाले.

चारुतानं सुरू होता होताच कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा लावला. आता काळा पडदा आपणहून आला: मागच्या वेळी नीट सुरू झालो नाही, या वेळी कसा होऊ? बाणाच्या कळेनं ती सेफ मोडवर गेली. एंटर. यादी उघडली. आज रामकिसन, उद्या कडूबाई.

"बंद-चालू करताना बदललं नसंल कशावरून?" कडूबाईंनी रिकामा हंडा उचलला. त्या दिवसापासून आजोबांनी यादी सोडली, आणि ओट्यावर बसणंही.

दुपारी चारुतानं मला उचकटून पाहिलं. खाली तांदळाचा दाणा, कुंकवानं लाल. या घरच्या अक्षता हळदीच्या असतात. गेल्या दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा झाली, तेव्हा सोनं द्यायला आलेल्या कडूबाईंनी आपल्या ताटातल्या लाल अक्षता मूठभर आमच्यावर टाकल्या होत्या.

"सांगू नकोस हं," उमाआजी म्हणाल्या. "लाजेनं ती पुन्हा आपला उंबरा चढायची नाही."

दाणा चारुताच्या कंपासपेटीत गेला.

आज पुन्हा दसरा. कडूबाई ताट घेऊन दारात आल्यात. "काका, अजून रागच व्हय?" आजोबा त्यांच्याकडे पाठ करून पुन्हा अडकलेल्या कॉम्प्युटरपुढं बसलेत. चारुता कंपासपेटी उघडून मधोमध उभी. चारुता, बोलू नकोस हवं तर, नुसता तो दाणा त्यांच्या तळहातावर ठेव. त्या ओळखतील.

टक. आजोबांचं बोट. आले, आजोबा, आले मी! पण आधी मागं वळून बघा, चारुताच्या हातात तो लाल दाणा आहे.